पुढच्या कोठीचं झाकण

१

लोखंडी पेटीचं कुलूप शाबूत होतं. किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला नेहमीसारखी लटकत होती. पेटीतली काळी प्लॅस्टिकची थैलीसुद्धा जागच्या जागी होती. अश्विनीनं थैलीची चेन ओढली, आत हात घातला आणि वहीच्या जागी पुठ्ठ्याचा एक तुकडा बाहेर आला.

रविवारची सकाळ होती. अर्ध्या तासाच्या आत ती स्कूटीवरून सूर्यभान निबे यांच्या पेरूच्या बागेत येऊन उभी राहिली. सूर्यभान ठिबकच्या नळ्यांत अडकलेला गाळ काढत बसले होते.

कोल्हारात त्यांना सगळे कप्तान म्हणत. खरं तर ते कप्तान कधी झालेच नाहीत. मालवाहू जहाजांवर चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा चीफ ऑफिसर म्हणून, आणि मग समुद्राला रामराम करून प्रवरेकाठी साडेतीन एकर पेरू लावला. पण गावानं एकदा नाव ठेवलं की ते जन्माला पुरतं. अश्विनीच्या नवऱ्याला, अमृतला, जहाजाची वाट यांनीच दाखवली होती. म्हणूनच गेले तीन आठवडे शिरसाठांच्या दारात जायला त्यांचा पाय उचलत नव्हता.

"तात्या, ह्यांची वही चोरीला गेली," अश्विनी म्हणाली. ती माध्यमिक शाळेत गणित शिकवायची. रडं आलं तरी आवाज सरळ ठेवायची तिला सवय होती. "बुधवारी मुंबईला चौकशी आहे. ह्यांच्या बाजूनं बोलणारी तेवढी एकच वस्तू घरात होती."

"काय होतं वहीत?"

"ते तर कुणालाच माहीत नाही. आम्ही ती उघडलीच नव्हती."

चार जूनला अरबी समुद्रात वादळ आलं आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून लांब 'जलसाक्षी' नावाचं मालवाहू जहाज बुडालं. अकरापैकी नऊ माणसं परत आली. अमृत आणि जहाजाचा आचारी आले नाहीत. अमृत त्या जहाजावर सारंग होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. जायच्या आधी त्यानं खिशातली वही थैलीत घालून राम बोरुडे नावाच्या सोबत्याकडे दिली. राम बेलापूरचा. इंजिनखोलीत कामाला. तो वाचला आणि बारा तारखेला ती थैली घेऊन घरी आला.

"सासूबाई म्हणाल्या, कुणी उघडायची नाही. अमृत येईल आणि तोच उघडेल. देह मिळाला नाही ना, तात्या. त्या कार्यही करू देत नाहीत. रोज आंघोळ झाली की पेटी उघडतात, थैलीवर हात फिरवतात आणि पुन्हा कुलूप लावतात. आज मीच म्हणाले, आता पुरे, उघडू या. तर हे."

सूर्यभाननी पुठ्ठा हातात घेतला. पेरूच्या खोक्याचा होता, असा पुठ्ठा गावात घरोघर सापडला असता. पण तो कात्रीनं अगदी सरळ कापलेला होता. तळहाताएवढा, कोपरे गोल केलेले, जाडी यावी म्हणून तीन थर एकावर एक चिकटवलेले.

ते बराच वेळ तो उलटासुलटा करत राहिले.

"चोर बाहेरचा असता तर थैलीसकट घेऊन पळाला असता," ते शेवटी म्हणाले. "ह्यानं तर वही समोर ठेवून, मापं घेऊन, सावकाश पुठ्ठा कापलाय. कशासाठी? तर चांगुणावहिनींच्या हाताला थैली रिकामी लागू नये म्हणून."

त्यांनी पुठ्ठा तिच्या हातात परत दिला.

"पोरी, तुझ्या घरातला चोर तुझ्या सासूवर माया करणारा आहे."

२

शिरसाठांचं घर नगर-मनमाड रस्त्यापासून आत, उसाच्या पट्ट्याला लागून होतं. ओसरीवर चांगुणाबाई बसल्या होत्या. सूर्यभान पायरीशीच थबकले.

"या की सूर्यभानभाऊ," त्या म्हणाल्या. "तीन आठवडं वाट बघितली तुमची. तुमी तर तोंडच दावंना."

"कोणत्या तोंडानं येऊ वहिनी? मीच धाडलं त्याला."

"तुमी न्हाई धाडलं. त्यालाच जायचं हुतं." त्यांनी पदरानं पाट पुसून पुढे सरकवला. "बसा. अन् माझी वही हुडकून द्या."

मग मात्र सूर्यभान बसले, आणि एकेक गोष्ट विचारत गेले. किल्ली कुठे असते हे घरात कुणाकुणाला ठाऊक? सगळ्यांना. पाहुण्यांत? राम दोन दिवस मुक्कामाला होता, त्यानं पाहिली असेल. आणखी कोण आलं? गुरुवारी कंपनीचा माणूस येऊन गेला.

"तोच तो!" ओसरीच्या टोकाला उभा असलेला कानिफनाथ एकदम बोलला. अमृतचा हा थोरला भाऊ. आडव्या अंगाचा, शेतात राबणारा. तीन आठवड्यांत त्याचे गाल आत गेले होते. "पार्थ सबनीस का कोन. गोड बोलून चा पिऊन गेला. कंपनीलाच ती वही नको हाय. दुसऱ्या कोनाला काय करायचीय?"

"आत गेला होता तो?"

"आत कशाला जाईल?" चांगुणाबाई म्हणाल्या. "हितं ह्याच पाटावर बसला. मी समोर. चा झाला अन् उठला."

सूर्यभाननी तिथूनच सबनीसला फोन लावला. वही म्हटल्यावर पलीकडून सावध आवाज आला, "कसली वही? अमृत शिरसाठ काही लिहून ठेवायचे का?" त्या आवाजात नवल होतं आणि थोडी भीतीही. ज्याला वही आहे हेच ठाऊक नाही, तो ती चोरणार कशी? सूर्यभाननी फोन ठेवला.

"कंपनीचं पत्र बघू."

अश्विनीनं कागद आणून दिला. मजकूर थोडक्यात होता. जहाजाच्या नाकाडात, डेकखाली जी पुढची कोठी असते, तिचं झाकण बंद करण्याची जबाबदारी सारंगाची. वादळाआधी ते बंद करण्यात आलं नव्हतं. सकाळी साडेनऊला ब्रिजवरून, म्हणजे वरच्या सुकाणूघरातून, खुद्द कप्तानानं ते उघडं पाहिलं. त्यातून कोठीत पाणी भरलं, जहाजाचं नाक जड झालं आणि जहाज गेलं. दोघांच्या मृत्यूला सारंगाची हलगर्जी कारणीभूत.

"दोघांच्या," अश्विनी म्हणाली. "म्हणजे आचाऱ्याच्यासुद्धा. त्यांच्या वडिलांचा रत्नागिरीहून फोन आला होता. कानिफदादांनी घेतला."

"काय म्हणाले?"

"ते म्हातारं काय म्हननार!" कानिफनाथचा आवाज चढला. "रडत हुतं. तात्या, तुमी सांगा, एवढं वादळ, एवढ्या लाटा. त्यानं झाकन उघडलं म्हनून सगळं जहाज बुडालं व्हय? सगळा दोष मेलेल्या मानसाच्याच माथी?"

"मेलेल्या म्हनू नको," चांगुणाबाई हळूच म्हणाल्या.

कानिफनाथ मान खाली घालून उसाकडे निघून गेला. सूर्यभान कागदाची घडी घालत होते. अर्धी घडी झाली आणि त्यांचा हात तिथंच थांबला. आत्ता कानावर काहीतरी वेगळं पडलं होतं. काय, ते मात्र हाताला लागेना.

३

दुपारी ते बेलापूरला गेले. राम बोरुडे घरीच होता, तिशीचा, सडपातळ. डाव्या हाताला अजून पट्टी होती. सूर्यभान दारात दिसताच त्यानं खाटेवरचा एक कागद झटकन उशीखाली सरकवला.

सूर्यभाननी पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं.

"रामभाऊ, मला ती सकाळ सांग. पहिल्यापासून."

राम बोलू लागला, ते हळूहळू, जमिनीकडे बघत.

"आदल्या दिवशीच वारं फिरलं हुतं. कप्तानाला वाटलं, वादळ वर निघून जाईल. न्हाई गेलं. पहाटंपासून जहाज नुसतं आपटत हुतं. लाट समोरून यायची, नाक वर उचलायची, अन् मग खाली अशी घालायची का अंगातली हाडं वाजायची. मी खाली इंजिनापाशी. आमाला बाहेरचं काय दिसतंय? पर कळतं हो. आठच्या सुमाराला नाक वर यायला उशीर लागाया लागला. दर लाटंला जास्तच. जनू कोनी पुढं बसलंय."

"बरोबर," सूर्यभान पुटपुटले. त्यांना तो अनुभव पायाच्या तळव्यांत ओळखीचा होता. जहाज बुडतं ते लाटेच्या उंचीनं नव्हे. समुद्राला कुठून तरी आत यायला वाट मिळते, तिथून बुडतं.

"तुला अमृत कधी दिसला?"

"मला इंजिनियरनं निरोप देऊन वर धाडलं. जिन्याच्या दाराशी अमृतदादा. नखशिखांत भिजलेला. खांद्यावर जाड नळीचं वेटोळं, मागं आचारीकाका दोर घेऊन. म्हनला, 'राम, हे धर, भिजतंय. खाली कोरडं ऱ्हाईल.' थैली माझ्या शर्टात कोंबली अन् दार ढकलून गेला. किती वाजले हुते मला सांगता यायचं न्हाई. त्येच्यानंतर न्हाई दिसला. बाराच्या आत आमी जहाज सोडलं. संध्याकाळी तटरक्षकवाल्यांनी उचललं."

"थैली उघडलीस कधी?"

रामनं मान वर केली. डोळे भरले होते, पण नजर सरळ होती. "त्यानं माझ्यापाशी ठिवली हुती, कप्तान. उघडाया न्हाई दिली."

सूर्यभाननी मान डोलावली. मग शांतपणे म्हणाले, "आता उशीखालचं दाखव."

राम दचकला. त्यानं कागद काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

ते कंपनीचं कामावर रुजू होण्याचं पत्र होतं. जहाज 'जलवेध', मुंबई बंदर, शुक्रवारी प्रस्थान.

"ज्या कंपनीनं दादाला दोषी ठरवलं, तिच्याच दुसऱ्या जहाजावर चाललोय म्हनून लाज वाटत हुती," राम म्हणाला. "पर मला दुसरं काय येतं?"

सूर्यभान त्या पत्राकडे बघत राहिले. 'जलवेध' त्यांना माहीत होतं. 'जलसाक्षी'चं जुळं भावंड. एकाच गोदीत, एकाच वर्षी, एकाच नकाशावरून बांधलेलं. मग 'जलसाक्षी' ज्या वाटेनं बुडालं, ती वाट 'जलवेध'च्या अंगावरही असणार. आणि ती कोणती, हे ज्या वहीत असण्याचा संभव होता ती वही सापडत नव्हती. शुक्रवारला पाच दिवस उरले होते.

४

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून सूर्यभान एकेकाला बाजूला काढत गेले.

सबनीसला वही माहीतच नव्हती. शिवाय तो ओसरी ओलांडून आत गेला नव्हता. रामला वाचायची असती तर आठ दिवस ती त्याच्याजवळच होती. नष्ट करायची असती तर समुद्र समोर होता. अश्विनीनं चोरली असती तर ती गप्प राहिली असती. थैली सगळ्यांसमोर उघडायचा हट्ट तिनंच धरला. चांगुणाबाई स्वतःच्याच हाताला फसवायला पुठ्ठा कशाला कापतील?

उरलं कोण?

आणि तेव्हा, कोल्हारच्या पुलावर गाडीनं वेग कमी केला असताना, सकाळपासून हाताला न लागणारी गोष्ट त्यांना सापडली. ते पुढच्या थांब्याला उतरले आणि घरी न जाता सरळ शिरसाठांच्या विहिरीकडे वळले.

कानिफनाथ विहिरीच्या कठड्यावर एकटाच बसला होता. सूर्यभान शेजारी टेकले. ऊन कलायला लागलं होतं. पलीकडे नदीच्या अंगाला बगळे उतरत होते.

"कानिफ, कंपनीचं पत्र तू वाचलंस?"

"दहादा वाचलं."

"त्यात काय लिहिलंय? झाकण बंद केलं नव्हतं. बरोबर?"

"व्हय."

"अश्विनीही तेच म्हणते. गावही तेच म्हणतं. बंद केलं नाही. आणि सकाळी तू काय म्हणालास? 'त्यानं झाकण उघडलं.'" सूर्यभाननी आवाज जराही वर नेला नाही. "बंद करायचं राहून जाणं वेगळं. बंद असलेलं आपल्या हातानं उघडणं वेगळं. चौतीस वर्षं मी असल्या दोन शब्दांतल्या फरकावर जहाजं चालवलीत. अमृतनं झाकण उघडलं हे कंपनीला ठाऊक नाही, कप्तानाला ठाऊक नाही, रामला नाही. मग तुला कुणी सांगितलं?"

कानिफनाथनं कठड्यावरचा एक खडा उचलून विहिरीत टाकला.

"अमृतनंच सांगितलं. होय ना?"

कानिफनाथ उठला, मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडली आणि आतून खताच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळलेली तळहाताएवढी वही काढली.

"मी जाळनार हुतो, तात्या," तो म्हणाला. "तीनदा काडी वढली. त्याचं अक्षर बघून न्हाई जाळवली."

५

"रत्नागिरीच्या म्हाताऱ्याचा फोन आला त्या दिसापास्नं मला चैनच पडंना," कानिफनाथ सांगत होता. "त्यो म्हनला, 'तुमच्या भावानं चूक केली का हो? खरं काय ते सांगा, मला भांडायचं न्हाई, निस्तं कळायला पायजे.' मी काय सांगू? मग आठ-नऊ दिस झालं, एका शुक्रवारी आई देवळात गेल्ती, अश्विनी शाळंत. मी थैली उघडली. म्हनलं, वाचतो अन् परत ठिवतो. अन् हे वाचलं."

त्यानं पान काढून दिलं. खारं पाणी मुरून कागद फुगला होता. शाई फाकली होती, पण अक्षर लागत होतं.

'९.१० झाकण मी उघडलं. पाणी लई. आचारीकाका सोबत.'

त्याखालची ओळ विरघळून गेली होती.

"मी तिथंच खाली बसलो," कानिफनाथ म्हणाला. "त्याच्याच हातानं झालं, तात्या. कंपनी खरं बोलती. मी घरात कंपनीला शिव्या घालतो, अन् आतून मला ठाऊक हाय. आईला हे कळलं तर ती जगंल का? अश्विनी? म्हनून लपवली. ती थैली आईच्या हाताला रिकामी लागंल म्हनून पुठ्ठा घातला. परत्येक दिशी ती पुठ्ठ्यावरनं हात फिरवायची अन् मी बघायचो. चोर म्हना, काय बी म्हना."

सूर्यभान चष्मा लावून आधीचं पान बघत होते. मग त्याच्या आधीचं. मग बरीच मागची पानं.

"कानिफ, हे आकडे पाहिलेस?"

"व्हय. ड्यूटीचं काय तरी आसंल."

पानावर वर 'पु. को.' एवढंच लिहिलं होतं. खाली चार ओळी होत्या.

'६ — ०
७ — २०
८ — ५५
८.४५ — ९०'

"पु. को. म्हणजे पुढची कोठी," सूर्यभान म्हणाले. "डेकवर पितळी टोपीचा बारीक नळ असतो. टोपी फिरवायची, नळातून पट्टी सोडायची आणि खालच्या कोठीत पाणी किती ते बघायचं. त्याला झाकण उघडावं लागत नाही. सहाला कोठी कोरडी. सातला वीस सेंटीमीटर. पावणेनवाला नव्वद. तुझ्या कमरेएवढं पाणी, कानिफ! आणि झाकण त्यानं उघडलं नऊ वाजून दहा मिनिटांनी."

कानिफनाथनं वही ओढून घेतली. ओठ हलवत चारही आकडे वाचले. पान उलटलं, पुन्हा मागे आला.

"म्हंजी... पानी आधी?"

"पाणी आधी. झाकण नंतर. झाकण रात्रभर उघडं असतं तर सहाला कोठी कोरडी राहिली असती का?"

"मग पानी आलं कुठनं?"

सूर्यभाननी मागची पानं काढून त्याच्यासमोर धरली. दोन मे: 'पुढच्या कोठीच्या हवेच्या पाइपाचं बूड गंजलंय. सांगितलं. रंग द्या म्हणाले.' सतरा मे: 'परत सांगितलं. हाताला पोपडे येतात. रंग दिला.' आणि खाली बारीक अक्षरात: 'जलवेधवर होतो तेव्हा तिथंही हेच.'

"कोठीत हवा खेळावी म्हणून डेकवर लोखंडी पाइप काढलेला असतो. बूड गंजलेलं. समोरून लाटा आपटत होत्या. सहा आणि सातच्या मध्ये केव्हा तरी तो मुळातून मोडला असणार. मग डेकवर भोकच पडलं. दर लाटेला पाणी आत. राम म्हणाला ना, नाक वर यायला उशीर लागायला लागला."

"पर मग झाकन उघडलंच कशाला त्यानं? आनखी पानी आत घ्यायला?"

"आतलं बाहेर काढायला." सूर्यभाननी शेवटचं पान उजेडाकडे धरलं. "ही शेवटची ओळ पुसलीये. तिच्यात काय होतं ते मी शपथेवर सांगणार नाही. पण रामनं अमृतला शेवटचं पाहिलं तेव्हा त्याच्या खांद्यावर जाड नळीचं वेटोळं होतं. ती पंपाची नळी. कोठीतलं पाणी उपसायचं तर नळी आत सोडायला झाकण उघडावंच लागतं. तसल्या समुद्रात डेकच्या टोकाला जाऊन ते उघडायला जिवावर उदार व्हावं लागतं. मी गेलो असतो का, मला माहीत नाही. तो आणि तो आचारी एकदा जाऊन झाकण उघडून आले, आत येऊन हे दोन शब्द लिहिले आणि नळी घेऊन पुन्हा गेले. साडेनऊला ब्रिजवरून कप्तानाला उघडं झाकण दिसलं. ते खोटं नाही. त्यानं पाहिलं ते खरं, पण त्यावरून कंपनीनं काढलेला अर्थ खोटा."

कानिफनाथनं वही कपाळाला लावली आणि तो मोठ्यानं, लहान मुलासारखा रडला. सूर्यभाननी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायचं त्यांना सुचलं नाही.

६

त्या संध्याकाळी ओसरीवर कानिफनाथनं आईसमोर सगळं कबूल केलं आणि वही पहिल्या पानापासून वाचून दाखवली. आकडे आले तेव्हा चांगुणाबाईंनी ते दोनदा वाचायला लावले.

"किती येळ मोजत हुता त्यो?"

"पावणेतीन तास, वहिनी."

"भ्याला न्हाई?"

"भ्यालाच असेल," सूर्यभान म्हणाले. "भ्याला तरी मोजत राहिला."

चांगुणाबाईंनी थोरल्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या केसांतून हात फिरवला. "एकट्यानंच वागवलंस व्हय रं," एवढंच त्या म्हणाल्या. अश्विनी मात्र दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मुंबईला निघताना तिनं वही त्याच्याच हातात दिली. "दादा, तुम्हीच वाचा तिथं. मला जमायचं नाही."

चौकशी साडेचार तास चालली. कानिफनाथनं न अडखळता एकेक पान वाचलं. कंपनीच्या वकिलानं विचारलं की शेतकऱ्याला पाइप आणि पट्टी काय कळणार. तेव्हा तो म्हणाला, "मला बी न्हाई कळलं, साहेब. मी त्याला दोषी धरलं हुतं. ज्याला कळतं त्यानं समजावलं, आता मी तुमाला समजावतो." कप्तानाला पुन्हा बोलावण्यात आलं. तो पांढरा पडला होता. त्यानं सांगितलं की माणसं दिसली होती, नळी दिसली नव्हती, आणि पाइप गंजल्याचं सारंगानं दोनदा कळवलं होतं. आपण ते मुंबईला कळवलं होतं. उत्तरात रंगाचे डबे आले होते. सबनीस खाली बघत बसला होता. निकाल यायला महिने लागणार होते. पण चौकशी अधिकाऱ्यांनी उठण्यापूर्वी एक हुकूम काढला. 'जलवेध' तपासल्याशिवाय बंदर सोडणार नाही.

बाहेर आल्यावर कानिफनाथनं पहिला फोन रत्नागिरीला लावला. सूर्यभान त्याला बोलू देऊन पुढे चालत गेले.

शुक्रवारी दुपारी चांगुणाबाई, अश्विनी, कानिफनाथ आणि सूर्यभान ओसरीवर होते. फोन वाजला. राम होता. त्याच्या मागे वाऱ्याचा आणि माणसांच्या बोलण्याचा आवाज येत होता. कानिफनाथनं स्पीकर लावला.

"तपासनीस आले हुते, दादा. पुढच्या कोठीच्या पाइपाला निस्ती हातोडी टेकवली. जोरात मारली बी न्हाई. आरपार गेली! वर नवा रंग, आत निस्ती माती. जहाज थांबवलं. आमी समदे उतरलो."

उसातून वारा सळसळत गेला.

"किती मानसं हुती रं जहाजावर?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"चौदा, मावशी. माझ्यासकट."

"चौदा," त्या म्हणाल्या. आणखी एकदा, मनाशी, "चौदा." मग गुडघ्यावर हात रोवून त्या उठल्या आणि थोरल्याकडे वळल्या.

"कानिफ, गुरुजींना बोलाव. अमृतचं कार्य करून टाकू."